बाळंतिणीची खोली आणि सामरी

रामसे बंधूंच्या भुताच्या सिनेमांची सुरुवात विश्राम बेडेकरांच्या एका चित्रपटातून झाली, असं सांगितलं की मराठी वाचणारा माणूस हमखास पुन्हा विचारतो. कोण, 'रणांगण'वाले बेडेकर? हो, तेच. 'एक झाड आणि दोन पक्षी' लिहिणारे. १९६३ साली त्यांनी 'रुस्तम सोहराब' दिग्दर्शित केला, पृथ्वीराज कपूर आणि सुरैया यांना घेऊन. सुरैयाचा तो शेवटचा चित्रपट. निर्माते होते एफ. यू. रामसे. त्याच निर्मात्यासाठी बेडेकरांनी १९७० मध्ये 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' केला आणि तो सपशेल पडला. पण त्यात एक प्रसंग होता. तोंडावर भेसूर मुखवटा आणि अंगात चिलखती पोशाख चढवून पृथ्वीराज कपूर वस्तुसंग्रहालय लुटायला शिरतात आणि पोलिसांच्या गोळ्यांनी त्यांना काहीही होत नाही. थिएटरात बसलेल्या निर्मात्याच्या मुलांना दिसलं की बाकीच्या सिनेमाला कंटाळलेली माणसं या एका प्रसंगाला सरसावून बसतात. मुलांनी वडिलांना गळ घातली, आपण अख्खा सिनेमाच असा काढू या. ही हकिकत रामसेंनी मुलाखतींमधून पुष्कळदा सांगितली आहे. तिच्यात बेडेकरांचं नाव बहुतेक वेळा गळून जातं, म्हणून मी ते आधी घेतलं.

आणखीही एक कारण आहे. 'रणांगण' १९३९ साली आली. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून जीव घेऊन निघालेले ज्यू, आणि ज्यांच्या मागे घर उरलेलं नाही अशा माणसांचं काही दिवसांचं जगणं. ती लिहिणारा माणूस पुढे ज्या निर्मात्याकडे काम करत होता, तोही घर सोडून आलेलाच होता. हा धागा मी जोडते आहे, त्या दोघांपैकी कुणी तो जोडला असेल असा माझा दावा नाही. पण रामसेंचे सिनेमे मी जितके बघत गेले तितकी माझी खात्री होत गेली, की हे घर गमावलेल्या माणसांचे सिनेमे आहेत.

रामसे हे मूळचे रामसिंघानी. फत्तेचंद उत्तमचंद रामसिंघानी यांचं कराचीत रेडिओचं दुकान होतं. इंग्रज गिऱ्हाइकांना ते लांबलचक आडनाव उच्चारता येईना, त्याचं रामसे झालं. फाळणी झाली. कराचीचं सगळं कराचीत राहिलं आणि कुटुंब मुंबईला आलं. इथे त्यांनी पुन्हा रेडिओचंच दुकान थाटलं, लॅमिंग्टन रोडवर.

हा रस्ता मला घरच्यासारखा आहे, कारण मी खेतवाडीत वाढले. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेलं आहे, पण अजूनही टॅक्सीवाल्याला लॅमिंग्टन रोडच सांगावं लागतं. बाबांना रेडिओ उघडून बसायचा नाद होता. रविवार सोडून कुठल्याही संध्याकाळी ते मला घेऊन तिथे जायचे, आणि एखादा कंडेन्सर किंवा स्पीकरचा फाटलेला पडदा बदलून घेताना दुकानदाराशी तासभर बोलत उभे राहायचे. त्याच रस्त्यावर मिनर्व्हा, अप्सरा, स्वस्तिक, इंपीरियल, नाझ ही थिएटरं होती. नाझच्या इमारतीत वितरकांची ऑफिसं. देशभरातल्या कुठल्या गावात कुठला सिनेमा लागणार हे तिथे ठरायचं. म्हणजे एका बाजूला आवाज दुरुस्त करणारी दुकानं आणि दुसऱ्या बाजूला सिनेमा विकणारे. रेडिओच्या धंद्यातलं एक कुटुंब इथे राहून सिनेमात शिरलं यात मला काहीच नवल वाटत नाही. तो रस्ताच तसा आहे.

सात मुलगे: कुमार, केशू, तुलसी, किरण, श्याम, गंगू, अर्जुन. वडिलांनी त्यांना काश्मीरला नेलं, हाउसबोट भाड्याने घेतली आणि जोसेफ मॅसेली या अमेरिकन कॅमेरामनचं छायाचित्रणावरचं पुस्तक समोर ठेवून त्यांच्याकडून अभ्यास करून घेतला. फिल्म इन्स्टिट्यूट नाही, कुणाच्या हाताखाली वर्षानुवर्षं उमेदवारी नाही. मग कामाची वाटणी झाली. लिहिणं कुमारकडे, कॅमेरा गंगूकडे, आवाज किरणकडे, संकलन अर्जुनकडे. केशूने कॅमेरा आणि निर्मिती दोन्ही बघितलं. दिग्दर्शन तुलसी आणि श्याम यांच्याकडे. जोडीने दिग्दर्शन करताना हे दोघे कुठला शॉट कुणाचा हे बाहेर कळू देत नसत, तरी पुढे भयपट म्हटलं की लोकांच्या तोंडी श्यामचं नाव जास्त आलं.

१९७२ च्या 'दो गज़ ज़मीन के नीचे'साठी सगळा कुटुंबकबिला महाबळेश्वरला गेला. नाव ऐकलं की रंगूनला कैदेत मेलेल्या बहादूरशहा जफरचा शेर आठवतोच, आणि तोही घराला मुकलेलाच माणूस. एका विश्रामगृहात मुक्काम आणि तिथेच चित्रीकरण. घरातल्या बायका सगळ्या युनिटचा स्वयंपाक करत होत्या. खर्च साडेतीन लाखांच्या आसपास. सिनेमा चालला, आणि पुढची जवळजवळ वीस वर्षं हे घर याच पद्धतीने चाललं. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. हे एकत्र कुटुंब होतं. एका चुलीवर जेवणारं, एका आडनावाखाली राबणारं. आणि या एकत्र कुटुंबाने आयुष्यभर सिनेमे काढले ते एकत्र कुटुंबाला लागलेल्या शापावर.

रामसेंचा 'पुराना मंदिर' आमच्या चाळीत गणपतीच्या जागरणाला आला. भाड्याचा व्हीसीआर, भाड्याचा रंगीत टीव्ही, घराघरातून वर्गणी. सिनेमाला 'ए' प्रमाणपत्र होतं, पण गॅलरीत सतरंजीवर बसलेल्या आम्हा पोरांना उठवायचं कुणाला सुचलं नाही. गोष्ट थोडक्यात अशी. दोनशे वर्षांपूर्वी राजा हरिमान सिंगच्या मुलखात सामरी नावाचा एक सैतान धुमाकूळ घालत असतो. राजाच्या मुलीचाही तो घास घेतो. राजा त्याला पकडून त्याचा शिरच्छेद करवतो. धड जुन्या देवळामागे पुरायचं, शिर पेटीत बंद करून हवेलीत ठेवायचं. मरताना सामरी शाप देतो: तुझ्या वंशातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. आजच्या काळातला ठाकूर आपल्या मुलीने लग्नच करू नये म्हणून धडपडतो, कारण त्याची बायको तशीच गेलेली असते.

टीव्हीसमोर पोरं किंचाळत होती. माझी आत्या मात्र गप्प झाली. इतकी गप्प की मी पडद्याकडे बघायचं सोडून तिच्याकडे बघत बसले.

आमचं मूळ घर गुहागर तालुक्यात. पुढे पडवी, मग ओटी, मग माजघर, आणि माजघराच्या आत उजव्या हाताला एक खोली. खिडकी नाही. कौलात बसवलेली हातभर काच, तिच्यातून दुपारी एक कवडसा जमिनीवर पडतो आणि तासाभरात भिंतीवर चढून निघून जातो. तिला बाळंतिणीची खोली म्हणतात. कोकणातल्या बहुतेक जुन्या घरांत अशी खोली असते. बाजेखाली शेगडी, ओवा-शेपाची धुरी, दाराला कडुलिंबाचा डहाळा. बाबांची आजी याच खोलीत गेली, तिच्या नंतरची जाऊही. 'आपल्या घरात पहिलटकरीण धड सुटत नाही' असं आत्या लहान असल्यापासून ऐकत आली होती. आणि याचं कारणही सगळ्यांना पाठ होतं. आमचा मूळपुरुष खोत. त्याने एका विधवेची माडांची वाडी सारा थकल्याचं निमित्त करून घशात घातली. ती बाई घाटीवर उभी राहून बोटं मोडून गेली. तिचा तळतळाट.

आता विचार केला तर कळतं की त्या बायका का गेल्या. पावसाळ्यात खाडीला उधाण, पलीकडे उतरायला होडी नाही. डॉक्टर तालुक्याच्या गावी. पोटात मूल आडवं आलं तर सुईण काय करणार, आणि बाळंतपणानंतर ताप भरला तर त्याला औषध काय देणार? हे सगळं खरं आहे. तरीही आत्याने विधवेची गोष्ट कधी सोडली नाही, आणि तिने ती सोडावी असं मलाही कधी वाटलं नाही. खाडी आणि डॉक्टर यांनी बाया कशा मेल्या ते कळतं. वाडी कुणाची होती ते त्यातून कळत नाही.

सिनेमा संपल्यावर, सतरंज्या गोळा करताना, आत्या आईला म्हणाली, "वहिनी, त्या राजाने काय वाईट केलं होतं? राक्षसाला मारलं. तरी शाप लागला. आपल्याकडे तर केलं होतं."

रामसेंवर लिहिलेलं मी बरंच वाचलं आहे. आत्याच्या त्या वाक्याइतकी नेमकी टीका मला कुठे सापडली नाही. रामसेंच्या सिनेमातली हवेली आरोप करते, पण आरोपी मात्र ते बदलून टाकतात. ठाकूर बिचारा, त्याचे पूर्वज न्यायी, आणि वाईट ते सगळं देवळामागे पुरलेल्या, बाहेरून आलेल्या कुणा अघोऱ्यात. जमीन कुणाची होती, वेठीला कोण राबलं, हवेलीच्या तळघरात कुणाला कोंडलं हे विचारायचं धाडस कुमार रामसेच्या पटकथेत नाही. गावकरी येतात ते मशाली धरायला. हा त्यांच्या कामातला मोठा कमकुवतपणा आहे आणि त्यांच्यावर प्रेम करणाऱ्याने तो झाकू नये.

पण तरी आत्या गप्प झालीच. पडद्यावरचा राजा निर्दोष आहे हे तिला दिसत होतं, तरी शाप तिला ओळखीचा वाटला. कारण बाकी सगळं खरं होतं. दोष वडीलधाऱ्या पुरुषाचा आणि भोग घरातल्या मुलीच्या पोटी, हे खरं होतं. घरात एक जागा अशी असते जिच्याबद्दल मोठी माणसं बोलता बोलता थांबतात, हे खरं होतं. रामसेंनी जे रिकामं सोडलं ते प्रेक्षकाने आपापल्या गावच्या घरातून आणून भरलं. गिरगाव-परळच्या चाळींमधून आणि गावोगावच्या तंबू थिएटरांतून हे सिनेमे बघणाऱ्यांत हवेलीत राहणारं कोण होतं? दहा बाय बाराच्या खोलीत माणसं होती. पण त्यातल्या प्रत्येकाच्या मागे कुठेतरी एक जुनं घर होतं, सातबाऱ्यावर नाव असलेलं किंवा नावावरून भांडण असलेलं, पडायला आलेलं, मे महिन्यात उघडायचं आणि बाकी वर्षभर मनातून बंद ठेवायचं. मुंबई ही अशा घरांपासून लांब आलेल्या माणसांचीच आहे. कोकणातले बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले, कराचीचे सिंधी बोटींनी याच बंदरात उतरले. फरक एवढाच, की चाकरमान्याला शिमग्याला परत जाता येत होतं. सिंध्यांना दार कायमचं बंद.

ज्यांना स्वतःच्या जुन्या घरी कधीच जाता येणार नव्हतं, त्यांनी मग दुसऱ्यांची जुनी घरं शोधून काढली. मुरूडला नवाबाचा राजवाडा आहे, काशीदकडून गावात शिरताना समुद्रावरच्या उंचवट्यावर दिसतो. 'पुराना मंदिर'ची हवेली ती. मी पहिल्यांदा तो खालच्या रस्त्यावरून पाहिला तेव्हा टळटळीत ऊन होतं आणि शेजारी शहाळीवाला उभा होता. खाजगी मालमत्ता असल्याने आत जाता येत नाही. मिनार, कमानी, गंजलेलं फाटक, आणि मागे नुसता समुद्र. सिनेमात समुद्र दिसत नाही, याचं मला तिथे उभं राहून कौतुक वाटलं. खाऱ्या वाऱ्याची, माडांची ती जागा त्यांनी कॅमेरा कुठे ठेवायचा आणि काय काय दाखवायचं नाही एवढ्यावर उत्तरेतल्या कुठल्याशा ठाकुराची करून टाकली. सिनेमाची अर्धी अक्कल ही काय वगळायचं त्यात असते. ती त्यांना पुरेपूर होती.

आता माझ्या कामाबद्दल, कारण रामसेंचं खरं मोठेपण मला तिथे सापडलं. मी सिनेमाच्या आवाजाचं काम करते, संवाद साफ करणं आणि इफेक्ट्स बसवणं. अंधेरीतल्या एका छोट्या स्टुडिओत दिवसाचे दहा तास कानावर हेडफोन असतो. त्या काळातल्या हिंदी सिनेमात चित्रीकरणाच्या वेळचा आवाज वापरतच नसत. कॅमेरा इतका खडखड वाजायचा की सेटवरचा आवाज फक्त संदर्भाला. नट मागाहून डबिंग करायचे. पावलं, दारं, भांडी, कपड्यांची सळसळ, सगळं नंतर एका खोलीत पडद्यासमोर उभं राहून हाताने, पायाने करायचं. म्हणजे रामसेंच्या हवेलीत जे जे काही वाजतं, ते हवेलीत कधीच वाजलेलं नाही. ते मुंबईत कुणीतरी विचार करून वाजवलेलं आहे.

हे लक्षात ठेवून त्यांचा एखादा रात्रीचा प्रसंग ऐका. डोळे मिटून, नुसता ऐका. आधी वारा येतो. तो खिडकीतून यावा तसा येत-जात नाही, एकसारखा खाली पसरलेला असतो. याला धंद्यातलं कारण आहे. फिल्मवरची आवाजाची पट्टी मोनो, संवाद आणि संगीत आणि इफेक्ट्स सगळं एकाच पट्टीवर, आणि गप्प झालं की पट्टीची स्वतःची खरखर ऐकू यायची. मग ती झाकायला खाली वारा टाकायचा. सगळेच टाकायचे. रामसे मात्र तो वारा घराच्या आतसुद्धा टाकतात, दारं-खिडक्या बंद असलेल्या खोलीत. प्रेक्षकाला कळत नाही आपल्याला अस्वस्थ का वाटतं आहे. कान सांगतो उघड्यावर आहेस, डोळा सांगतो चार भिंतींत आहेस. मग दार. रामसेंचं दार उघडायला जितका वेळ घेतं त्याहून त्याची करकर जास्त वेळ चालते. बिजागरी थांबली तरी आवाज पुढे जातो. हे आज कुणी माझ्या टेबलावर आणलं तर मी चूक म्हणून परत पाठवीन, आणि म्हणूनच ते मला इतकं थक्क करतं. दार थांबलं पण काहीतरी थांबलं नाही, एवढी एक गोष्ट तो आवाज सांगून जातो. त्यानंतर झुंबराचे लोलक, लांब कुठेतरी कोल्हेकुई, आणि मग नायिकेची पावलं. पावलं नेहमी बाकी सगळ्याहून जवळ, जणू बघणाऱ्याच्या कानाशी. चालणारी ती, पण घाबरायचं आपण.

रेडिओच्या दुकानात वाढलेल्या मुलांचा हा हात आहे असं मला मनापासून वाटतं. रेडिओला चित्र नाही. अंधाऱ्या खोलीत आवाज कुठून आला, किती लांबून आला, एवढ्यावर सगळा खेळ. श्याम रामसेंच्या दृश्यांत भूत दिसतं ते फार उशिरा, आणि दिसलं की भीती थोडी कमीच होते. त्याआधीची जी दहा मिनिटं असतात, त्यात त्यांच्यासारखा माणूस हिंदी सिनेमात दुसरा झाला नाही.

प्रकाशाबद्दल थोडंच. लाल, हिरवं, निळं जिलेटिन दिव्यांवर चढवून भिंती रंगवून टाकायच्या. त्या रंगाचा दिवा खोलीत कुठे आहे हे कुणी विचारायचं नाही. लोक हसतात याला. दशावतारात रात्री संकासुर येतो तेव्हा प्रकाश कुठून आला हे गावात कुणी विचारत नाही.

आणि सामरी. तो रंगवला अजय अगरवाल यांनी. शिक्षणाने इंजिनिअर, अवाढव्य उंची, लांबट हाडाळ चेहरा. चेहऱ्यावर मुखवट्याचं ओझं त्यांना फारसं लागलंच नाही. पुढे 'बंद दरवाज़ा'त तेच नेवला झाले. १९९० चा हा सिनेमा मला 'पुराना मंदिर'पेक्षाही अस्वस्थ करतो. मूल होत नाही म्हणून सासर-माहेरची बोलणी खाणारी ठाकुराची बायको काळ्या पहाडीवर जाते. सौदा असा, की मुलगा झाला तर तुझा, मुलगी झाली तर आमची. हे वाक्य लिहिताना लेखकाला परीकथा लिहायची होती की आणखी काही, मला सांगता येणार नाही. पण मुलगी झाली तर ती दुसऱ्याचीच, हा सौदा आपल्याकडे करायला काळ्या पहाडीवर जावं लागत नाही.

बायकांच्या बाबतीत या सिनेमांवर माझा रागही आहे. प्रत्येक सिनेमात नायिकेने आंघोळ करायचीच, कॅमेऱ्याने पाण्यातून वर-खाली फिरायचंच. वितरकाला हवं म्हणून, पुढच्या रांगेतल्यांना हवं म्हणून, कारण काहीही द्या. १९८८ च्या 'वीराना'तली जस्मिन ही सगळ्यांत गाजलेली, आणि तिच्यावर कॅमेऱ्याची नजर सगळ्यांत वाईट. तरीही तिच्या गोष्टीत मला असं काही दिसतं जे त्या नजरेच्या बाहेर आहे. लहानपणी तिला मांत्रिक पळवतो, मारून टाकलेल्या चेटकिणीचा आत्मा तिच्यात घालतो. मुलगी घरी येते ती गप्प. घरातल्यांना कळतं की काहीतरी बदललं आहे, आणि कुणी काही विचारत नाही. ती मोठी होते, रात्री बाहेर पडते, पुरुष तिच्या मागे येतात आणि मरतात. लहानपणी मुलीवर काहीतरी गुदरलं आणि घराने तोंड मिटून घेतलं, एवढंच या गोष्टीचं हाड आहे. ते पाहायला आंघोळीचा प्रसंग बाजूला सारावा लागतो, पण एकदा दिसलं की मग दुसरं काही दिसत नाही.

घर पुढे फुटलंच. केशूने वेगळी वाट धरली, अक्षय कुमारला घेऊन नावात 'खिलाडी' असलेले सिनेमे काढले. केबल आली, एकपडदा थिएटरं आजारी पडू लागली. १९९३ मध्ये 'झी हॉरर शो' सुरू झाला आणि रामसे घराघरात शिरले, पण अर्ध्या तासाच्या मालिकेत ती दहा मिनिटांची उसंत मिळत नाही. त्याच सुमारास एका अमेरिकन सिनेमाची उघड नक्कल असलेला 'महाकाल' त्यांनी काढला, त्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही. तुलसी रामसे डिसेंबर २०१८ मध्ये गेले, श्याम रामसे सप्टेंबर २०१९ मध्ये.

आता त्यांना 'कल्ट' म्हणतात. वांद्र्याला-लोअर परळला त्यांचे खास खेळ होतात, तरुण मुलं येतात, रबरी पंजा दिसला की टाळ्या पिटतात. मी एकदा गेले होते. सामरीने शाप दिला तेव्हा सभागृह हसलं. प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल या वाक्याला हसलं. मुलांचा दोष नाही, त्यांना कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं की हे वाईट म्हणूनच मजेचं आहे. पण मला तिथे बसवेना. साडेतीन लाखांत, पुस्तक वाचून शिकलेल्या भावांनी, आयांनी केलेल्या डाळभातावर, भाड्याच्या वाड्यात रात्र रात्र जागून जे उभं केलं, ते हसण्यासाठी नव्हतं. ते घाबरवण्यासाठी होतं आणि त्याने लाखो माणसांना घाबरवलं. ज्यांना घाबरवलं त्यांतल्या कितीतरी जणांकडे घाबरायला खरं कारण होतं.

म्हणून कुणी विचारलं कुठून सुरुवात करू, तर मी सांगते: 'पुराना मंदिर', रात्री, एकट्याने किंवा घरातल्या एखाद्या वयस्क बाईसोबत. मोबाइलवर नको. जगदीपचं विनोदी उपकथानक मध्येमध्ये येतं, ते मला कधीच आवडलं नाही. तेवढा वेळ वारा कुठे जातो ते ऐका, तो जातच नाही. सदाशिव अमरापूरकरांकडे लक्ष द्या, 'अर्ध सत्य' नुकताच येऊन गेला होता आणि हा माणूस इथेही अंग चोरून काम करत नाही. आणि शीर्षकं पुढे ढकलू नका. एकाच आडनावाची नावं एकामागून एक येत राहतात. त्यातलं आवाजाचं नाव आलं की मी स्टुडिओतल्या नवीन मुलांना थांबवून ते वाचायला लावते, आणि मग पहिला दरवाजा उघडेपर्यंत कुणालाही बोलू देत नाही.